आधी घाटातला ट्रक, मग चालकाविना रणगाडा

२४ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी पूंछ जिल्ह्यात मेंढरजवळच्या बालनोई भागात लष्कराची एक गाडी रस्ता सोडून सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. गाडीत ११ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. पाच जण त्याच दिवशी गेले, त्यांत आपल्या साताऱ्याकडचाही एक होता. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, लेह जिल्ह्यात कियारीजवळ नऊ जण गेले. डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर सिक्कीमच्या झेमामध्ये तीव्र वळणावर ट्रक खाली गेला आणि सोळा जणांचा बळी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात लडाखच्या तुर्तुक भागात गाडी श्योक नदीकडे कोसळून सात जण दगावले. अडीच-तीन वर्षांतल्या या चार घटनांत किमान सदतीस जवान गेले, आणि समोर शत्रू नव्हता.

यातल्या प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असणार. रस्ता, बर्फ, ब्रेक, थकवा, अंधार, काहीही. अमुक यंत्र बसवलं असतं तर हे सगळे वाचले असते, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. चाक घसरायला लागलं की चालकाच्या आधी ते ओळखून गाडी सावरणारी यंत्रणा आज मध्यम किमतीच्या मोटारीतही मिळते. मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरला जाणारं कुटुंब गाडी घेताना सुरक्षेचे तारे मोजतं. मग वीस जवानांना पाठीवर घेऊन खार्दुंग ला किंवा सेला चढणाऱ्या ट्रकात ती यंत्रणा असावी, हा आपल्या सार्वजनिक चर्चेचा विषय का होत नाही?

मोटारींतले सेन्सर लष्करी वाहनांत आणायची चर्चा होते तेव्हा ती भलत्याच ठिकाणी सुरू होते. चालकाविना धावणारा रणगाडा, स्वतःच वाट शोधणारा ताफा, सीमेवर गस्त घालणारी यांत्रिक गाडी. संरक्षण प्रदर्शनांत या गोष्टींभोवती गर्दी असते, बातम्याही त्यांच्याच येतात. माझं म्हणणं असं आहे की हा क्रम उलटा आहे. मोटारउद्योगाने लष्कराला देण्यासारखं सर्वात मोलाचं जे काही आहे ते सर्वात साधं आणि सर्वात स्वस्त आहे, आणि त्याची जागा रसद आणि माणसं वाहणाऱ्या ट्रकांत आहे. ते आधी घ्यावं. मात्र घेताना डोळे उघडे ठेवून घ्यावं, कारण त्याच मोटारीतले काही सेन्सर युद्धभूमीवर आपलाच घात करू शकतात.

गाडी सावरणाऱ्या या यंत्रणेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात, थोडक्यात ईएससी. तिची ज्ञानेंद्रियं साधी आहेत. प्रत्येक चाकाच्या हबवर एक दातेरी कडं असतं आणि त्याच्यापासून मिलिमीटरभर अंतरावर अंगठ्याच्या पेराएवढा सेन्सर. कडं फिरतं, दाते समोरून सरकतात, त्यांची मोजदाद होते, चाकाचा वेग कळतो. स्टिअरिंगच्या दांड्यावर कोन मोजणारा दुसरा सेन्सर. गाडीच्या मध्याजवळ एका छोट्या डबीत तिसरा. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय आणि बाजूला किती ढकलली जातेय, हे तो सांगतो. चालकाने स्टिअरिंग जेवढं फिरवलंय तेवढी गाडी वळत नसेल, किंवा त्याहून जास्त वळत असेल, तर टायरची पकड सुटतेय हे कंट्रोलरला उमगतं. मग तो एखाद्याच चाकाचा ब्रेक क्षणभर दाबतो, इंजिनाचा जोर कमी करतो आणि गाडीचं तोंड परत रस्त्याकडे वळवतो. चालकाला काय झालं हे कळायच्या आत हे सगळं होऊन जातं. ट्रकांच्या यंत्रणेत आणखी एक भर असते. उंच, भरलेला ट्रक वळणावर कलंडायच्या बेतात आला की ती आधीच वेग उतरवते.

ट्रकात हे बसवायचं तर नुसते सेन्सर चिकटवून भागत नाही, हेही सांगायला हवं. हवेच्या ब्रेकच्या वाटेत कंट्रोलरच्या हुकमाने चालणाऱ्या झडपा लागतात, म्हणजे आधी एबीएस, ब्रेक लागताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, लागतं. जुन्या ट्रकावर हे काम करणं सोपं नाही. पण ते जगात कुणी केलेलं नाही असंही नाही.

अमेरिकी लष्कराची हम्वी गाडी १९८० च्या दशकातली. नंतर तिच्यावर चिलखत चढत गेलं, वजन वाढत गेलं, गुरुत्वमध्य वर सरकला आणि ती उलटायला लागली. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०२१ मध्ये एक अहवाल दिला. २०१० ते २०१९ या दहा आर्थिक वर्षांत अमेरिकी लष्कर आणि मरीन कोअर यांच्या लढाऊ वापराच्या गाड्यांचे युद्धाबाहेरचे ३,७५३ अपघात झाले आणि त्यांत १२३ सैनिक मेले, असं त्यात म्हटलं आहे. मृत्यूंपैकी बहुसंख्य गाडी उलटून झालेले. चालकाचं दुर्लक्ष, देखरेखीतली ढिलाई आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणं अहवालाने ठळकपणे मांडली. त्याच काळात हम्वीसाठी एबीएस आणि ईएससीचा संच तयार झाला, नव्या गाड्यांत तो कारखान्यातून येऊ लागला आणि जुन्या गाड्यांवर लष्कराच्या कार्यशाळांत बसवला जाऊ लागला. जगातल्या सर्वात श्रीमंत लष्कराने आपल्या गाडीसाठी मोटारबाजारातली ही गोष्ट उशिरा का होईना घेतली, आणि चाळीस वर्षं जुन्या आराखड्यावर बसवून दाखवली.

आपल्याकडे कित्येक वर्षं लष्कराची पाठ सांभाळणारा स्टॅलियन ट्रक १९९० च्या दशकात आला. ईएससी पहिल्यांदा बाजारात आली १९९५ मध्ये, एका महागड्या जर्मन मोटारीत. तेव्हा त्या आराखड्यात ती नव्हती याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. पण युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना, आणि टप्प्याटप्प्याने बहुतेक नव्या ट्रकांनाही, ती सक्तीची झाली. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही २०२५ मध्ये ट्रक आणि बसना आपोआप ब्रेक लावणारी आणि चालकाच्या डुलकीची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. नागरी ट्रकाला जे सक्तीचं होऊ घातलंय ते बाणाच्या नंबर प्लेटच्या ट्रकाला ऐच्छिक राहता कामा नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नागरी माल लष्कराच्या कामाला टिकणार नाही. या आक्षेपात एके काळी तथ्य होतं. आज तो बराचसा सवयीने घेतला जातो. खरं तर यातलं बरंच तंत्रज्ञान मुळात लष्करातूनच मोटारीत आलं. वळण मोजणारे क्वार्ट्झचे जायरो क्षेपणास्त्रांसाठी बनत होते. रडारच्या गॅलियम आर्सेनाइड चिपांवर १९८० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याने पैसा ओतला होता, आणि त्या दशकाअखेरच्या संशोधनावर पुढे मोटारींचे ७७ गिगाहर्ट्झचे रडार उभे राहिले. रात्री उष्णतेवरून माणूस ओळखणारा कॅमेरा २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये आला तो रेथिऑन या शस्त्र बनवणाऱ्या कंपनीकडून. मग मोटारउद्योगाने हे सगळं कोट्यवधींच्या संख्येत बनवलं, किंमत पाडली, आणि रोज पावसात, धुळीत, उन्हात वापरून त्यातल्या खोडी काढल्या. एवढ्या संख्येने आणि एवढ्या विविध हवामानात भाग तपासणं कुठल्याही लष्करी प्रयोगशाळेला परवडणार नाही.

तापमानाचं उदाहरण घ्या. मोटारीसाठी मान्य झालेल्या वरच्या श्रेणीच्या चिपला उणे ४० ते अधिक १५० अंश सेल्सिअस सोसावं लागतं. लष्करी श्रेणीची रूढ मर्यादा उणे ५५ ते अधिक १२५. म्हणजे पोखरणच्या मे महिन्यात इंजिनाच्या कप्प्यात मोटारीची चिप जास्त सुरक्षित आहे, सियाचिनच्या माथ्यावर लष्करी चिप. पण सियाचिनच्या माथ्यावर ट्रक जात नाहीत, त्यांचा रस्ता बेस कॅम्पपाशी संपतो. आणि जिथे उणे ४० खरोखरच अपुरं पडेल तिथे एखादी छोटी हीटरची पट्टी लावून काम भागतं. त्यासाठी दहा वर्षांचा नवा प्रकल्प हाती घ्यायची गरज नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच दिसते. चिप टिकते, कनेक्टर टिकत नाही. नाल्यातून गाडी काढली की चिखल हबच्या कड्यावर बसतो आणि सेन्सर दाते मोजायचं विसरतो. वायरिंगचं आवरण दगडांनी सोलतं. मोटारीची वीज १२ व्होल्टची, लष्करी गाडीची २४ ची, आणि थंडीत शेजारच्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू करताना त्या तारांतून जे झटके जातात ते मोटारीच्या भागाने कधी पाहिलेलेच नसतात. म्हणून मोटारीचे भाग उचलण्यापेक्षा जड व्यापारी ट्रकांचे भाग घेणं शहाणपणाचं. ते मुळातच २४ व्होल्टवर चालतात. सर्वात धोक्याची गोष्ट म्हणजे जॅमर. ताफ्यातली एखादी गाडी रस्त्यातला बॉम्ब दुरून उडवला जाऊ नये म्हणून जोरदार रेडिओलहरी सोडत चालते. चाकाच्या सेन्सरच्या केबलमधून जाणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. त्यात ही गडबड शिरली आणि कंट्रोलरला वाटलं की डावं चाक घसरतंय, तर तो उताराच्या वळणावर विनाकारण ब्रेक मारेल. जीव वाचवायला लावलेली वस्तू जीव घेईल. म्हणून चाचणी व्हायची ती जॅमर आणि रेडिओ पूर्ण जोरात चालू ठेवून, भरलेल्या ट्रकावर, खऱ्या घाटात. जेएसएस ५५५५५ हे आपलं लष्करी कसोट्यांचं मानक आहेच. त्यातल्या कसोट्या लावाव्यात आणि भाग टिकतो का ते पाहावं. भाग बघायच्या आधीच तो नाकारायचा, हे मला मान्य नाही.

चालकाच्या हाती ही यंत्रणा बंद करायचं बटणही हवं. वाळूत, सुट्या खडीत आणि चाकांना बर्फाच्या साखळ्या बांधलेल्या असताना एबीएस आणि ईएससीचं वागणं डांबरावरच्यासारखं नसतं. रुतलेली गाडी काढताना तर चाक थोडं फिरूच द्यावं लागतं. हे ठरवायला जैसलमेरमध्ये आणि लडाखमध्ये वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या आर्मी सर्व्हिस कोअरच्या चालकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं.

दुसरा आक्षेप, की सेन्सर गाडीचा ठावठिकाणा शत्रूला सांगतील, मात्र मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर तडजोड होता कामा नये. काही सेन्सर नुसतं ऐकतात, काही बोलतात, म्हणजे स्वतः लहरी सोडतात. मोटारीला बोलण्याने काही बिघडत नाही. लष्करी गाडीचं बिघडतं.

टायरमधल्या हवेचा दाब सांगणारा सेन्सर बघा, दिसायला किती निरुपद्रवी. चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडलेली ही लहानशी डबी, बॅटरीवर चालणारी. गाडी धावू लागली की ठरावीक वेळाने ती रेडिओवरून दाब आणि तापमान पाठवते, आणि प्रत्येक वेळी सोबत स्वतःचा कायमचा ओळखक्रमांकही पाठवते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना या विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हा संदेश कुठल्याही कुलुपाविना जातो आणि चाळीस मीटरवरूनही पकडता येतो. आता हा सेन्सर ताफ्यात बसवा. चाळीस ट्रक पुलावरून गेले की पुलाखाली दडवलेल्या स्वस्तातल्या रिसीव्हरकडे त्या क्षणी संदेश पाठवणाऱ्या चाकांची हजेरी लागते. कुठली गाडी, किती वाजता, किती दिवसांनी परत आली. आठवडाभरात शत्रूकडे आपल्या तुकडीचं वेळापत्रक तयार.

आणि यावरचा उपाय त्याच मोटारउद्योगात तयार पडला आहे. टायरची हवा कमी झाली की त्याचा घेर किंचित कमी होतो आणि ते चाक इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. ईएससीचे दातेरी कड्यांचे सेन्सर हा फरक मोजू शकतात. रेडिओ लागत नाही, बॅटरी लागत नाही, गाडी एक अक्षर बोलत नाही. अचूकता थोडी कमी आहे, चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर ही पद्धत चकते. पण लष्करी ट्रकासाठी हीच योग्य. कुठली वस्तू घ्यायची आणि कुठली सोडायची याचा विवेक म्हणतो तो असा. मोटारीच्या सेन्सरांना सरसकट हो म्हणणारा आणि सरसकट नाही म्हणणारा, दोघेही या तपशिलात शिरत नाहीत, हीच माझी तक्रार आहे.

हीच फूटपट्टी बाकीच्यांना लावा. रडार बोलतं. पुढची गाडी किती जवळ आहे हे कळण्यासाठी ते ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या लहरी सतत सोडतं, आणि त्या ऐकणारं यंत्र बनवणं कुणाही शत्रूला अवघड नाही. लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारं यंत्र, लेसर सोडतं. ९०५ नॅनोमीटरचं असेल तर साध्या सिलिकॉन कॅमेऱ्यालाही दिसतं. १५५० चं असेल तर त्याला दिसत नाही, पण त्यासाठी वेगळे कॅमेरे आहेतच. अवरक्त दिव्यांनी रस्ता उजळणारी रात्रदृष्टी काही मोटारींत आहे. चालकाला अंधार वाटतो, पण नाइट व्हिजन लावून डोंगरावर बसलेल्या माणसाला तीच गाडी दिवाळीसारखी दिसते. याउलट माणसाच्या किंवा इंजिनाच्या अंगची ऊब टिपणारा थर्मल कॅमेरा काहीच सोडत नाही, फक्त घेतो. काळोख्या, कठडा नसलेल्या रस्त्यावर दिवे मंद करून चालणाऱ्या चालकाला याहून उपयोगी दुसरं काही नाही. रणगाड्यांच्या चालकांसाठी अशा दुर्बिणी आपल्याकडे बनतातच. रसदवाहू ट्रकांना त्या महाग पडतात म्हणून मिळत नव्हत्या. मोटारउद्योगामुळे बिनशीतकाचे, म्हणजे थंड ठेवावे न लागणारे, थर्मल सेन्सर जसे स्वस्त होत जातील तशी ही सबब टिकणार नाही. शांततेच्या काळात, अंबाल्याहून पठाणकोटला जाताना, रडारने आपोआप ब्रेक लागले तर उत्तमच. पण चालकाच्या समोर एकच कळ हवी, जी दाबली की गाडीतलं जे जे बोलतं त्याची वीजच तुटावी. पडद्यावरचं चिन्ह बदलून चालणार नाही, तार तुटली पाहिजे.

चालकाविना ताफ्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथे सध्या सांगण्यासारखं कमी आहे. मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोजावेच्या वाळवंटात स्वयंचलित गाड्यांची शर्यत लावली. मार्ग सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक, सर्वात पुढे गेलेली गाडी जेमतेम बारा किलोमीटर चालली. पुढच्या वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि जगाला वाटलं, आता झालंच. त्यानंतर वीस वर्षं गेली. पुढच्या ट्रकामागे आपोआप चालणाऱ्या ट्रकांच्या चाचण्या अमेरिकी लष्कर वर्षानुवर्षं करतंय. मोटारींचे कॅमेरे रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून शिकले आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह तयार केला तो याच कारणाने की युरोपात शिकलेलं यंत्र इथे गोंधळतं. आणि तो संग्रहही प्रामुख्याने हैदराबाद-बंगळुरूकडचा. झोजी ला मध्ये पट्टे नसतात, रस्त्याला आखीव कड नसते, मेंढ्यांचा कळप असतो, आणि पुढच्या गाडीची धूळ लायडारला भिंत वाटते. संशोधन व्हावं, जरूर व्हावं. पण त्याच्या नावाखाली आज हाताशी असलेली गोष्ट थांबू नये.

आता पुरवठ्याचा प्रश्न, ज्याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. मोटारीचं मॉडेल सहा-सात वर्षांत बदलतं, त्यातला सेन्सर त्याआधीच बदलतो. लष्करी ट्रक वीस-पंचवीस वर्षं चालतो. शिवाय लष्कराची मागणी मोटारउद्योगापुढे नगण्य. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या एका चिप कारखान्याला आग लागली आणि जगभर मोटारींचं उत्पादन रखडलं. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या सरकारने नेक्स्पेरिया या चिनी मालकीच्या चिप कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणलं, ऑक्टोबरमध्ये चीनने तिच्या चीनमधल्या मालाची निर्यात रोखली, आणि पै-पैशाच्या साध्या चिपांसाठी मोठमोठे मोटार कारखाने हवालदिल झाले. अशा वेळी रांगेत शेवटचा उभा राहणारा ग्राहक म्हणजे आपलं लष्कर. त्यात मोटारींच्या लायडारमध्ये चिनी कंपन्यांचा वरचष्मा. जुलै २०२० मध्ये आपण शेजारी देशांच्या बोलीदारांवर निर्बंध घातले, २०२५ च्या सुरुवातीला चिनी भाग आढळले म्हणून लष्करासाठीच्या ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. कारवाई योग्यच होती. पण बाहेरून भारतीय नाव आणि आत कुणाचं काय, हे करार झाल्यावर कळणं ही पद्धत बरी नव्हे. सेन्सरच्या बाबतीत हे फर्मवेअरच्या, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, पातळीपर्यंत आधी तपासावं लागेल.

म्हणून मी म्हणतो, लष्कराने सेन्सरपेक्षा सेन्सरची जागा ठरवावी. वीज किती, जोडणी कोणती, संदेश कुठल्या रूपात, हे एकदा पक्कं केलं की डबी कुणाचीही चालते. आज या कंपनीची, पाच वर्षांनी त्या कंपनीची. ब्रिटिश संरक्षण खात्याने २०१० च्या सुमारास डेफ स्टॅन २३-०९ या मानकात नेमकं हेच केलं, आणि पुढे नाटोनेही आपल्या वाहनांसाठी तीच दिशा धरली. आपण नवीन गाड्या घेतोच आहोत. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने फोर्स मोटर्स आणि महिंद्र यांच्याशी सुमारे पाच हजार हलक्या गाड्यांचे करार केले. अशा प्रत्येक करारात हे मानक बसवता येईल, नंतर बसवायला गेलं तर प्रत्येक गाडीचं कुलूप वेगळं निघेल.

कुलपाची गोष्ट निघालीच आहे तर कार्यशाळेबद्दल बोलायला हवं. आजच्या मोटारीत काचेमागचा कॅमेरा बदलला की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची मोजमापं नव्याने जुळवणं, करावं लागतं. त्यांच्याकडचं सॉफ्टवेअर, त्यांचा पासवर्ड, त्यांची इंटरनेट जोडणी. काचेवर छर्रा लागलेली गाडी तवांगहून कुठल्या सर्व्हिस सेंटरला न्यायची? ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागाचा, हवालदार तंबूतल्या प्रकाशात, हातमोजे घालून, इंटरनेटशिवाय सेन्सर बदलू आणि कॅलिब्रेट करू शकला पाहिजे. ही अट पूर्ण न करणारी वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. दुरुस्तीची हत्यारं, चाचणीचं सॉफ्टवेअर आणि त्याचा सोर्स कोड कराराचाच भाग हवा. कंपन्या कुरकुर करतील. आपण घेणारे आहोत, ठामपणे मागावं.

चालकाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मात्र माझं मन पूर्ण तयार होत नाही. पापण्या जड झाल्या की तो सूचना देतो, ते चांगलंच. पण ताफ्याच्या चालकाला झोप का येते हे शोधायला कॅमेरा लागत नाही, ड्युटीचे तास मोजावे लागतात. या सेन्सरची नोंद चालकाला शिक्षा करायला वापरली जाणार असेल तर जवान त्यावर चिकटपट्टी लावतील आणि ते बरोबरच करतील. नोंद ठेवायची तर ती गाडीबाहेर न जाणारी असावी आणि अपघात का झाला हे शिकण्यासाठी वापरावी. तसंच सेन्सर आले म्हणून कठडे बांधायचं, रस्ता रुंद करायचं आणि चालकांना विश्रांती द्यायचं काम कुणी टाळू नये. घसरणारी गाडी ईएससी सावरते. रस्ताच खचला तर ती काही करू शकत नाही.

हे सगळं करायला लागणारी माणसं आणि जागा महाराष्ट्रात एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन-संशोधन संस्था व्हीआरडीई, तिचा चाचणीमार्ग, शेजारी आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र. पुण्यात वाहनांच्या चाचण्या घेणारी, १९६६ पासूनची एआरएआय. खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप. भोसरी, चाकण, रांजणगावात ब्रेक, सेन्सर आणि वायरिंग बनवणारे कारखाने, ज्यांच्यातले अनेक युरोपातल्या ट्रकांना माल पुरवतात. नागरी ट्रकाच्या ब्रेकवर आयुष्य घालवलेला इंजिनिअर आणि लष्करी ट्रक उघडून दुरुस्त करणारा ईएमईचा सुभेदार यांना कामासाठी एका टेबलाशी आणायचं, एवढीच उणीव आहे.

सुरुवातीला शंभर जुने ट्रक पुरेत. खडकीत किंवा अहिल्यानगरला त्यांच्यावर एबीएस आणि ईएससीचा संच बसवायचा, टायरची हवा दातेरी कड्यांवरून मोजायची, निम्म्या ट्रकांना थर्मल कॅमेरा द्यायचा, प्रत्येकात ती वीज तोडणारी कळ. जॅमर चालू ठेवून चाचणी घ्यायची, मग दोन हिवाळे एका डोंगरी मार्गावर नेहमीच्या कामाला लावायचे. किती वेळा यंत्रणेने गाडी सावरली, किती वेळा चुकीचा ब्रेक लावला, कुठला कनेक्टर किती दिवसांत गेला, याची नोंद चालकांच्या तोंडून आणि यंत्रातून अशी दोन्हीकडून घ्यायची आणि निकाल, चांगले असोत वा वाईट, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवायचे. त्यानंतरच्या प्रत्येक ट्रकखरेदीच्या निविदेत काय सक्तीचं करायचं, हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.